नस्तऱ्याचा खापरपणतू

पांढुर्ण्यात मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मांसमच्छी चालते का तेही विचारलं नाही. माझ्याकडे नीट बघून ते म्हणाले, "दंड दाखवा."

मी पर्स छातीशी धरली. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, पयले पोरीले खोली तं दाखवा! आल्याबरोबर दंड काय पाहून राहिले!"

"डावा," ते शांतपणे म्हणाले. "बाही जराशी वर करा फक्त."

का कोण जाणे, मी केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हा तं बी.सी.जी. आहे," ते म्हणाले, आणि किल्ली आणायला आत गेले. खोली मला मिळाली. पण पुढची काही वर्षं मी त्या घरात लेकीसारखी राहिले तरी माझा दर्जा बी.सी.जी.च्या वर काही गेला नाही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. बँकेतल्या बदलीने मध्य प्रदेशात येऊन पडले होते, आणि आल्यावर कळलं की इथे सगळे मराठीच बोलतात, फक्त आपल्यापेक्षा मोकळं. घरमालकांना मी काकाजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. काकाजी वीज खात्यात मीटर वाचायचे. निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत, मान जरा वाकडी. मीटर नेहमी उंचावर टांगलेले असतात म्हणून ती तशी झाली असं काकूंचं मत होतं. नोकरीभर ते लोकांच्या दारात उभे राहिले आणि क्वचितच कोणाच्या घरात शिरले. पांढुर्ण्यातलं कुठलंही घर ते दारावरून ओळखत. आत किती माणसं आहेत हे मात्र त्यांना सांगता येत नसे.

त्यांना बघायचा असायचा तो देवीच्या लसीचा व्रण. देवीचा रोग जगातून गेला तशी ती लसही बंद झाली, त्यामुळे तो मोठा, गोल, मध्ये दबलेला व्रण आता फक्त वय झालेल्या माणसांच्या दंडावर सापडतो. तो दिसला की काकाजींना घरचं माणूस भेटल्याचा आनंद व्हायचा. यापायी त्यांनी चारचौघांत पुष्कळ अपमान करून घेतले होते. सावरगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आजीला "दंड दाखवता का जी?" असं विचारलं आणि आजीच्या भावाने पायातली काढली. गोटमारीच्या, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगावच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी सगळं गाव कोणाचं डोकं फुटलं, कोणाला टाके पडले याच्या गप्पा मारत असायचं. जखमी माणसाला भेटायला काकाजी जायचे, कपाळाची पट्टी बघितल्यासारखं करायचे आणि नजर दंडावर ठेवायचे.

"काकाजी," मी एकदा वैतागून म्हटलं, "तुमच्या खापरपणजोबांनी ज्यांना टोचलं ती माणसं जाऊन जमाना झाला. हे व्रण नंतरच्या डॉक्टरांचे आहेत."

"आहेत ना," ते म्हणाले. "पण लोकायनं दंड पुढं करनं सुरू कोणाच्या वेळी केलं?"

खापरपणजोबा. त्या घरात हा शब्द उच्चारला की काकू भाजी चिरायला घ्यायच्या, कारण आता तासभर तरी सुटका नाही हे त्यांना ठाऊक असायचं. काकाजी त्यांना मोठेबाबा म्हणत. इंग्रजी अंमल या भागात स्थिरावला त्या काळात मोठेबाबा सौंसर तहसिलीत देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे होते. सरकारने दिलेला काळा कोट, खांद्याला झोळी, झोळीत नस्तर. नस्तर म्हणजे कातडी जराशी चिरायचं बोटभर पातं. ते घरात अजून होतं. दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं पूजतात. शेजारच्या घरी विळा आणि ट्रॅक्टर, माझ्याकडे लॅपटॉप, आणि काकाजींच्या पाटावर ते गंजकं पातं, त्यावर हळदकुंकू आणि आपट्याचं पान.

कागद नावाची गोष्ट मात्र त्यांना कधी सापडली नाही. छिंदवाड्याला जाऊन त्यांनी जुन्या दप्तरखान्यात चौकश्या केल्या होत्या. तिथे वाळवीने आधीच सगळं वाचून संपवलेलं. मग त्यांनी ठरवलं की गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून मोठेबाबा गोळा करायचे. काकाजींना गाडी चालवता येत नव्हती. माझ्याकडे स्कूटर होती आणि रविवार मोकळे होते. त्यांनी मला विचारलं असं मला आठवत नाही. एका रविवारी सकाळी ते हेल्मेट घालून अंगणात उभे होते, एवढंच आठवतं.

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की मोठेबाबा दौऱ्यावर निघायचे. "निघायचे" हे मी म्हणते. काकाजी "निघाले" म्हणायचे. देवी काढायचं काम हिवाळ्यातच चालायचं, उन्हाळ्यात लस टिकायची नाही. सकाळी चहाचा घोट घेता घेता काकाजी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आज जाम नदी ओलांडून पलीकडे गेले असतील." दोन दिवसांनी, "आता लोधीखेड्याच्या अंगाला असतील. थंडी आहे तिकडे." काकू पोळी लाटताना विचारायच्या, "मंग डबा देऊ का त्यायच्यासाठी? सासरे जिवंत होते तेवा त्यायचं पथ्यपानी मी पाह्यलं, अन् तुमी मेलेल्या मानसाचं हवामान पाहून राहिले."

पण काम कसं चालायचं हे काकाजींनी मला समजावलं तेव्हा मी हसायची थांबले. त्या काळी लस बाटलीतून येत नव्हती. एका लेकराच्या दंडावर टोचायचं, आठवडाभरात तिथे फोड भरायचा, आणि त्या फोडातलं पाणी दुसऱ्या लेकराच्या दंडात उतरवायचं. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला लस न्यायची तर फोड भरलेलं लेकरू न्यावं लागायचं. जिवंत, रडतं, दूध पितं लेकरू. सोबत त्याची आई किंवा घरचं कोणी यायचं. कधी कोणी यायला तयार नसलं तर मोठेबाबा स्वतःच कडेवर घेऊन चालायचे आणि काम झालं की परत आणून सोडायचे.

"लोकं देत होते लेकरं?" मी विचारलं.

"कायले देतील," काकाजी म्हणाले. "लपवून ठेवत. कोठीत, कडब्याच्या गंजीत. तरी देत होते कोणी कोणी. त्याच्याशिवाय तुमी आमी राहिलो असतो का जी?"

मोठेबाबांनी पुढे ती नोकरी अचानक सोडली. का सोडली याची घरात एक गोष्ट होती आणि ती सांगताना काकाजी उभे राहत. दौऱ्यावर गोरा साहेब आला, त्याने गरिबाच्या घरात बुटासकट शिरायचा हुकूम केला, मोठेबाबा म्हणाले "नो सर!", साहेबाने कोटाला हात घातला, मोठेबाबांनी कोट काढून त्याच्या अंगावर फेकला आणि तडक चालत सौंसरला आले. "नो सर" काकाजी इतक्या जोरात म्हणत की शेजारचं कुत्रं भुंकायचं. त्यानंतर मोठेबाबांनी कोणाची चाकरी केली नाही. पटकीची साथ आली की ते सौंसरकडच्या गावांमधून विहिरींवर जाऊन बसत, घाण पाणी उपसून काढायला लोकांना लावत, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत हे काम त्यांनी फुकट केलं.

अशा माणसाचं नाव कुठेही नाही, हे काकाजींचं दुखणं होतं. रामाकोन्याच्या पुढे एक गाव आहे, त्याचं नाव मी इथे सांगत नाही. तिथे उपआरोग्य केंद्राला नवी खोली बांधली जात होती. काकाजींनी सरपंचाच्या मागे लागून लागून त्याला कबूल करायला लावलं की खोलीवर मोठेबाबांच्या नावाची पाटी लागेल. सरपंच तरुण होता, संत्र्याचा व्यापार करायचा, स्वभावाने बरा होता. त्याने एकच अट घातली. "काकाजी, नाव लावू. पण उद्या कोणी म्हणीन का हा कोण तुमचा सोयरा. ग्रामसभेत इकडच्या गावायतलं एक तरी म्हातारं माणूस उठून सांगाले पायजे, का हाव, या माणसानं इकडे काम केलं."

एक माणूस. त्या एका माणसासाठी आम्ही दोन हिवाळे हिंडलो.

लोक मोठ्या प्रेमाने बसवायचे. खाट टाकायचे, संत्री सोलून हातात द्यायचे, आणि मोठेबाबांचं नाव घेतलं की एकमेकांकडे बघायचे. देवी काढणारा? आमच्या लहानपणी एक कंपाउंडर यायचा, तो का? नाही. काकाजींचा चेहरा मग नवशिक्या वसुलीवाल्यासारखा व्हायचा. परत येताना मला स्कूटरचा आवाज नको इतका मोठा वाटायचा.

लोधीखेड्याकडच्या एका संत्राबागेत मात्र चमत्कार झाला. बागेतल्या घरात आम्ही चहा पीत होतो. आत एक पोरगं गळा काढून रडत होतं, काही केल्या थांबेना. शेवटी त्याची आजी ओरडली, "चूप राह्य! नाई तं नस्तऱ्या येईन!"

पोरगं गप्प झालं. काकाजींची बशी तोंडापाशी थांबली.

"कोण येईन म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"नस्तऱ्या," आजी हसत म्हणाली. "तुमच्याकडे नाई का? काया कोट घालते, खांद्याले झोया राह्यते. रडनारं लेकरू काखेत मारते अन् दुसऱ्या गावाले नेऊन टाकते."

मला हसू आवरेना. काळा कोट, झोळी, नस्तर, कडेवरचं लेकरू. ज्या माणसाला आम्ही दोन हिवाळे शोधत होतो तो या मुलखातला बागुलबुवा होता! प्रत्येक गावात, प्रत्येक रडक्या पोराच्या उशाशी तो हजर होता, फक्त आम्ही त्याला चुकीच्या नावाने विचारत होतो.

काकाजी मात्र हसले नाहीत. घरी येऊन ते जेवले नाहीत. काकूंना मी गोष्ट सांगितली तर त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "घ्या! भूत निघाले तुमचे मोठेबाबा!" आणि मग काकाजींचं तोंड बघून त्याच म्हणाल्या, "अवो, आठवन तं ठेवली ना लोकायनं. माह्या बापाच्या बापाचं नाव तं मलेबी ठाऊक नाई."

हे त्यांना पटलं असावं. आठवड्याने ते माझ्या दारात आले तेव्हा खुशीत होते. आता त्यांनी विचारायची पद्धत बदलली. गावात शिरलो की पहिल्या म्हातारीला ते विचारत, "आजी, तुमच्याकडे नस्तऱ्या येते का?" आणि काय सांगू, सगळीकडे यायचा. कुठे त्याला शिंगं फुटली होती, कुठे तो चिंचेवर राहायचा. कुठेही त्याचं कौतुक करणारं कोणी नव्हतं, पण काकाजी म्हणायचे, "ओळख आहे ना? ओळख आहे म्हणजे झालं. आता फक्त सांगायचं, का तो भूत नोता, तो सरकारी माणूस होता."

मी म्हटलं, काही लोकांच्या मते त्यात फार फरक नाही. त्यांना विनोद कळला नाही.

सव्वीस जानेवारीला पाटीच्या त्या गावात ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, आणि शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसली. काकाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. सरपंचाने त्यांना बोलायला सांगितलं. ते चांगलं बोलले. फोडातल्या पाण्याबद्दल सांगितलं, लेकरांच्या साखळीबद्दल सांगितलं, "नो सर" जरा हळू म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुमच्या घरी ज्याच्या नावानं लेकरायले भेव दाखवता, तो माझा खापरपणजा. त्यानं तुमच्या पणज्यायले वाचवलं."

लोक हसले, टाळ्याही वाजल्या. सरपंचाने विचारलं, "कोणाले काही सांगाचं आहे का? बुजुर्ग लोकायपैकी?"

मागे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. नऊवारी, हातात काठी, नजर अजून धारदार. ती उठली नाही, बसल्या जागेवरून बोलली.

"मले ठाऊक हाये नस्तऱ्या," ती म्हणाली. "भुताची गोठ नोय ते. आमच्या घरी आलता तो. माह्या सासूले तिच्या सासूनं सांगतलं, अन् मले माह्या सासूनं."

काकाजी एकदम पुढे सरकले. दोन हिवाळ्यांचं समाधान त्यांच्या तोंडावर आलं. मलाही बरं वाटलं.

"आमच्या घरचं लेकरू नेलं त्यानं," म्हातारी म्हणाली. "पोरगी होती. रांगत बी नोती. दंडावर फोड भरला होता, तो पुढच्या गावच्या लेकरायसाठी पायजे होता. तिची माय तापानं खाटेवर पडली होती, सोबत कोन जाईन? तो म्हने, मी कडेवर नेतो अन् कडेवर आनून सोडतो. मायनं देल्लं. तिकडे त्या पोरीले ताप भरला. आनली नाई त्यानं."

सरपंच घाईने म्हणाला, "आजी, तो जमाना येगळा होता…"

काकाजींनी हाताने त्याला थांबवलं. "मग?" त्यांनी विचारलं.

"मंग काय. आला रिकाम्या हातानं. उंबरठ्याच्या भाईर उभा राह्यला, दिवस बुडेपर्यंत. कोनी बोललं नाई. माय आतूनच इचारे, लेकरू आलं का, लेकरू आलं का. थेबी गेली मंग, पंधरा दिवसात. पुढच्या सालीबी तो आला. कोट नोता अंगावर, साधा कुडता. तसाच उभा राह्यला. दरसाल येत जाय. घरचे कवाड लावून घेत. मरेपर्यंत आला म्हंतात."

कोट नव्हता अंगावर. काकाजींनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं. नोकरी सोडल्याच्या गोष्टीतला गोरा साहेब, बूट, फेकलेला कोट, सगळं त्या व्हरांड्यात संपलं.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. निदान म्हणतील की ताप लसीचा नसेल, त्या काळी लेकरं कशानेही जायची. ते खरंही होतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर म्हटलंच असतं. ते उठले, सरपंचाला हात जोडले आणि म्हणाले, "पाटी नका लावू." मग त्या म्हातारीपाशी जाऊन वाकले. तिने पाय मागे घेतले.

पाटी लागली नाही. खोलीवर नुसता खोलीचा नंबर आहे. पांढुर्ण्यात काकाजींनी लोकांचे दंड बघणं बंद केलं. एवढ्या वर्षांत जे काकूंच्या बोलण्याने झालं नव्हतं ते एका दिवसात झालं, आणि काकूंनाच ते सोसेना. "पाहा ना कोणाचातरी दंड," त्या एकदा म्हणाल्या, "माहाच पाहा." सकाळच्या चहाला मोठेबाबा कुठवर पोचले हेही आता कोणी सांगत नव्हतं. बाहेर थंडी असायची, आणि घरात एक माणूस कमी झाल्यासारखं वाटायचं.

मग एका रविवारी ते पुन्हा हेल्मेट घालून अंगणात उभे दिसले. "रामाकोन्याच्या पुढे," एवढंच म्हणाले.

म्हातारीचं घर गावाच्या टोकाला होतं, पुढे अंगण, अंगणात तुरीच्या काड्यांचा ढीग. काकाजी उंबरठ्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही. म्हातारी दारात आली, त्यांना बघितलं आणि आत निघून गेली. ते उभेच. मी स्कूटरपाशी तासभर थांबले, दोन तास थांबले, मग जाऊन विचारलं, "काकाजी, हे काय चाललंय?"

"तेही उभे राहत होते ना," ते म्हणाले.

मला राग आला. कोणा दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं ओझं घेऊन या वयात उन्हात उभं राहायचं, आणि माझा रविवार घालवायचा! परत येताना मी त्यांना ते सगळं ऐकवलं. ते मागे बसून सगळं ऐकून घेत होते. पुढच्या महिन्यात पुन्हा हेल्मेट.

असं मग होत राहिलं. घरातली नातसून गोड पोरगी होती; म्हातारीची नजर चुकवून तिने मला पाणी आणून दिलं. तिच्या कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ होतं, गोरंगोमटं, डोक्यावर कुंची. मी सवयीने हात पुढे केले तर ती एक पाऊल मागे सरली आणि ओशाळली.

"रागावू नका ताई," ती म्हणाली. "या घरचं लेकरू पायानं चालाले लागेपर्यंत परक्याच्या कडेवर उंबरठ्याभाईर जात नाई. आजीसासूचा कायदा आहे, तिच्याही आधीचा. माह्या सख्ख्या भावाले नाई देल्लं, तं तो बारशाचं जेवन सोडून गेला."

कायदा कुठून आला हे तिला ठाऊक नव्हतं. मी काकाजींकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

आणि मग तो दिवस. उन्हं कलायला लागली होती, काकाजी त्यांच्या ठरल्या जागी उभे होते. आरोग्य खात्याची आशाताई गल्लीतून ओरडत गेली की अंगणवाडीत नर्सबाई आली आहे, लसीचे टीके लावायला लेकरं आणा. नातसून बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर निघाली. मागून म्हातारी काठी टेकत दारापर्यंत आली. तिने काकाजींकडे बराच वेळ बघितलं. पहिल्यांदाच, वरपासून खालपर्यंत.

"दे त्यायच्याजवळ," ती नातसुनेला म्हणाली.

"आजी?"

"दे म्हनलं ना." मग काकाजींना म्हणाली, "नेजा. अन् आनून सोडजा."

काकाजींनी आधी हात सदऱ्याला पुसले. बाळ हातात आलं तेव्हा त्यांना ते कसं धरायचं हेही सुचेना. घरात नातवंडं झालेला माणूस, पण पहिल्यांदाच लेकरू बघत असल्यासारखे ते उभे होते. मग त्यांनी त्याला कडेवर घेतलं, दुसरा हात पाठीशी लावला आणि चालायला लागले. नातसून आणि मी मागे. अंगणवाडी काही लांब नव्हती, पण ते इतके सावकाश चालले की गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. ते समोर बघत नव्हते. दर पावलाला खाली दगड आहे का ते बघत होते.

नर्सबाईने सुई भरता भरता विचारलं, "बाबाजी, तुमचं कोण हे?"

"कोणी नाही," काकाजी म्हणाले. "घेऊन आलो. नेऊन सोडतो."

सुई टोचली तसं बाळाने टाहो फोडला. नर्सबाईने कापूस दाबला, नातसुनेच्या हातात छोटी बाटली दिली आणि सांगितलं, "रात्री ताप येऊ शकते, हे पाजजा."

"ताप?" काकाजींचा आवाज फाटला. "ताप कायले येईन?"

"येतेच जी. लसीचा ताप असते, उद्या उतरते. घाबराचं कारण नाही."

तरी ते घाबरले. परतीच्या वाटेवर ते बाळाच्या कपाळाला पुन्हा पुन्हा गाल लावून बघत होते, आणि काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ जाऊन ऐकलं. "आलो बापा, आलो, आलं घर," असं चाललं होतं. नातसून मध्येच म्हणाली, "द्या काकाजी, थकले असाल." त्यांनी मान हलवली आणि बाळाला आणखी घट्ट धरलं.

म्हातारी आम्ही गेलो तेव्हा होती तिथेच, उंबरठ्यात उभी होती. काठी भिंतीला टेकवून तिने दोन्ही हात पुढे केले. काकाजींनी बाळ तिच्या हातात दिलं, आणि हात रिकामे झाल्यावर ते तिथेच पायरीवर बसले आणि आवाज करून रडले. वाकड्या मानेचा तो उंच म्हातारा गुडघ्यात डोकं घालून रडत होता आणि मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही.

म्हातारीने दुपट्याचं टोक सारून बाळाचं तोंड बघितलं. हाताचा तळवा त्याच्या कपाळाला लावला. मग ती घराच्या आतल्या अंगाला वळली आणि मोठ्याने हाक दिल्यासारखी म्हणाली, "आलं वो बाई, लेकरू घरी आलं."

आत कोणी नव्हतं. घरचे सगळे शेतात गेले होते, आणि नातसून माझ्या शेजारी अंगणातच उभी होती.